दुःखाचीं पुस्तकें आणि आपण वाचक

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनें आमच्याकडे एक चमत्कारिक मागणी केली. बायकांच्या हालअपेष्टांवर अलीकडे पुष्कळ कादंबऱ्या व आठवणींचीं पुस्तकें निघालीं आहेत; त्यांतलीं वाचावींत अशीं चारपांच सांगा, मात्र वाचून रडूं येईल एवढ्याच कारणास्तव एकही सांगूं नका, असें ती म्हणाली. मागणीचा पूर्वार्ध सोपा होता. उत्तरार्धानें आम्हांस दोन महिने गुंतवून ठेविलें. तिला जें उत्तर दिलें तेंच थोडें विस्तारून येथें आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या पिढीच्या प्राध्यापकांस या वाङ्मयाविषयीं एक जुनी अढी आहे व ती आमच्याही मनांत होती, हें आधींच कबूल केलेलें बरें. दुःख भोगणें निराळें आणि तें लिहितां येणें निराळें; भोगल्याचे गुण लिहिण्यास देऊं नयेत, असें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. वाक्य खोटें नाहीं. पण त्याचा आम्हीं जो उपयोग केला तो फारसा प्रामाणिक नव्हता. पुरुषानें आपल्या दैन्याचें चित्र काढलें कीं तें जीवनदर्शन, आणि बाईनें तेंच काढलें कीं तें रडगाणें, असा आमचा न बोललेला हिशेब असे. उलटपक्षीं, आज पुस्तकांचा बाजार दुसऱ्या टोकाला गेला आहे हेंही खरें. मलपृष्ठावर 'हृदय पिळवटून टाकणारी' हे शब्द नसले तर पुस्तक खपत नाहीं अशी प्रकाशकांची समजूत दिसते. वाचकाचें हृदय पिळवटून निघतें, त्याला आपण फार सहृदय आहों असें वाटतें, आणि पुस्तक कपाटांत जातें. आमच्या विद्यार्थिनीला या सुखाचाच कंटाळा आला असावा.

मग कसोटी कोणती लावावी? ती आम्हांस बाहेरून आणावी लागली नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ सालापासून चार भागांत प्रसिद्ध झालीं. पतीनें १८९५ सालीं धर्म बदलला, घर मोडलें, दोघांत वर्षांची ताटातूट झाली. असा प्रसंग जिच्यावर आला ती बाई तो सांगतांना स्वतःस हसते, नवऱ्यास हसते, शिवाशिवीच्या आपल्या वेडास हसते. दुःख लहान करून सांगण्याची ही युक्ति नव्हे. संकट चालू असतांना जिची नजर शाबूत राहिली तिलाच असें हसतां येतें. बाईवर काय गुदरलें यापेक्षां तें गुदरत असतां तिनें काय काय पाहिलें, हें ज्या पुस्तकांत कळतें तें आम्ही चांगलें समजतों. पुढील पुस्तकें या एका मापानें मोजलीं आहेत. मापांत तीं सारखीं उतरलीं नाहींत.

सर्वांत आधीं आम्ही ज्याचें नांव घेऊं तें 'आलो-आँधारि'. लेखिका बेबी हालदार. मूळ बंगालीत लिहिलेलें हें पुस्तक प्रथम हिंदी अनुवादाच्या रूपानें २००२ सालीं आलें, बंगालींत मागाहून निघालें, आणि उर्वशी बुटालिया यांनीं केलेला इंग्रजी अनुवाद २००६ सालीं आला. बेबी लहान असतांना आई घर सोडून गेली. जातांना मुलीच्या मुठींत तिनें दहा पैशांचें नाणें दिलें. बाराव्या वर्षीं लग्न झालें, नवरा चौदा वर्षांनीं मोठा. तेराव्या वर्षीं ती आई झाली. मारहाण सोसून पंचविशीच्या सुमारास तीन मुलें घेऊन ती आगगाडींत बसली आणि दिल्लीकडे आली. लोकांच्या घरीं झाडलोट करीत करीत ती गुडगांवास प्रबोध कुमार यांच्या घरीं पोंचली. हे निवृत्त मानववंशशास्त्रज्ञ, प्रेमचंदांचे नातू. पुस्तकांच्या कपाटावरची धूळ झाडतांना हिचा हात रेंगाळतो हें त्यांनीं पाहिलें, तस्लिमा नसरीन यांच्या बालपणाच्या आठवणींचें पुस्तक वाचावयास दिलें, आणि पुढें वही व लेखणी आणून दिली.

एवढी हकीगत ऐकून कोणासही गहिंवर येईल व तो आला म्हणजे पुस्तक वाचण्याचें कारण उरलें नाहीं असें वाटेल. आमचें म्हणणें असें कीं पुस्तक याच्या पलीकडे सुरू होतें. बेबी लिहितां लिहितां मध्येंच 'मी' सोडून 'बेबी' असें म्हणूं लागते. जणूं शेजारच्या कुठल्या मुलीविषयीं बोलते आहे. हें कोणी तिला शिकविलें नव्हतें. अत्यंत जिव्हारीं लागलेली गोष्ट आली कीं आपल्यापासून हातभर दूर सरून ती पाहावयाची, हें लेखकाचें मूळ काम. आमच्या सुशिक्षित कादंबरीकारांस तें साधतांना घाम फुटतो. शिवाय ती तक्रारीचा सूर धरीत नाहीं. ज्या वस्तू हातून गेल्या त्यांची नोंद करावी तशी ती घडलेलें नोंदविते. कोणत्याही प्रसंगाचें तात्पर्य ती सांगत नाहीं, आणि त्यामुळें वाचकास तें स्वतः काढावें लागतें. येथें त्याची सुटका नाहीं.

आपल्याकडचें 'आयदान' याच्या शेजारीं ठेवावें. उर्मिला पवार यांचें हें आत्मकथन २००३ सालचें. त्या रत्नागिरी जिल्ह्यांतल्या फणसवळ्याच्या. जन्म १९४५ चा. वडील शिक्षक होते, ते लवकर गेले आणि आई बांबूचीं आयदानें विणून घर चालवूं लागली. आईचें विणणें व आपलें लिहिणें एकाच वेदनेच्या धाग्याचें आहे असें लेखिका मानते. या उपमेवर आजवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं आम्ही ती येथें सोडतों. आम्हांस अधिक मोलाचीं वाटतात तीं आरंभींचीं पानें. गांवच्या बायका लाकूडफांटा, गवत असें कांहीं डोक्यावर घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजारास जातात आणि परततात. ओझें, ऊन, उपास हें सर्व तेथें आहे. परंतु त्यासोबत त्यांच्या शिव्या, थट्टा, एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या याही आहेत. कष्टकरी बाई म्हटली कीं ती मुकी असते अशी जी समजूत सभ्य वाङ्मयानें करून दिली ती या वाटेवर ढांसळते. पुढें लेखिका मुंबईस येते, नोकरी करते, एम्. ए. होते, चळवळींत पडते, आणि जो नवरा तिचा आधार होता त्याला तिचें हें वाढणें जड जाऊं लागतें. तरुण मुलाच्या मृत्यूचा भाग आम्ही फार हळू वाचला. जातीनें केलेला अन्याय आणि घरांतल्या पुरुषानें केलेला अन्याय, यांपैकीं एकासाठीं दुसऱ्यावर पांघरूण घालावें अशी अपेक्षा या बायकांकडून दोन्ही बाजूंनीं झाली. 'आयदान' तें पांघरूण घालीत नाहीं. पुस्तकाचा उत्तरार्ध संस्था, सभा व माणसें यांच्या गर्दीनें विसकळीत झाला आहे हें मात्र खरें.

इंग्रजींतल्या दोन पुस्तकांविषयीं आमचें मत थोडें मिश्र आहे. टारा वेस्टओव्हर यांचें 'एज्युकेटेड' २०१८ सालीं निघालें व जगभर गाजलें. अमेरिकेंतल्या आयडाहो प्रांतीं, डोंगराच्या पायथ्याशीं, मॉर्मन पंथाच्या एका कुटुंबांत ही सात भावंडांतली धाकटी मुलगी वाढली. बापाचा शाळेवर, सरकारावर व वैद्यावर विश्वास नाहीं. तो भंगाराचा धंदा करतो, आई सुईणपण व झाडपाला करते. मुलीचा जन्मदाखला नऊ वर्षांनंतर निघाला आणि वर्ग म्हणून तिनें प्रथम पाहिला तो सतराव्या वर्षीं, एकदम विद्यापीठाचा. तेथें ज्यूंच्या संहाराचें नांव ऐकून त्याचा अर्थ तिनें भर वर्गांत विचारला, सारे थिजले. दहा वर्षांत ती केंब्रिजची डॉक्टर झाली. हा चढता आलेख वाचकास फार आवडतो, आणि म्हणूनच आम्ही त्याच्यापासून थोडे सावध राहिलों. पुस्तकाची खरी किंमत तळटीपांत आहे. हिंस्र भाऊ, भाजलेला दुसरा भाऊ, असे प्रसंग सांगतांना लेखिका खालीं नोंदविते कीं अमक्या भावंडास हें निराळें आठवतें. तुझी आठवणच खोटी आहे, असें जिला घरच्यांनीं सांगितलें, तिनें आपल्या आठवणीची अशी उलटतपासणी करावी, यांत धैर्य आहे. इतिहासाची पदवी तिला याच ठिकाणीं उपयोगीं पडली असें आम्ही म्हणूं.

मीना कंदसामी यांची 'व्हेन आय हिट यू' ही २०१७ ची कादंबरी. हिची नायिका निनावी आहे, लेखिका आहे, आणि नवरा महाविद्यालयांतला अध्यापक. क्रांतीच्या, शोषितांच्या, भाषेच्या मोठाल्या गोष्टी बोलणारा. तो तिला मंगळुरास आणून ठेवतो, काडेपेटींतल्या काड्या स्वतःच्या अंगावर विझवून तिचें समाजमाध्यम बंद करवितो, तिचा वर्षांचा पत्रव्यवहार पुसून टाकतो, आणि मारतो. ती काल्पनिक प्रियकरांना पत्रें लिहिते व तो घरीं येण्यापूर्वीं पुसून टाकते. आईबापांस फोनवर सांगावें तर ते सोशीक राहा म्हणतात. आरंभींच आई ही हकीगत शेजाऱ्यांस कशी सांगते तें आलें आहे: मुलगी परत आली तेव्हां तिच्या टांचांना केवढ्या भेगा, डोक्यांत केवढ्या उवा! मुलीच्या संहाराची कथा आईच्या तोंडीं अशी टांचांची व उवांची होते. लक्ष्मीबाईंस हें प्रकरण आवडलें असतें. पुढें लेखिका दुसऱ्यांचीं वचनें फार सजविते व कांहीं पानें भाषणासारखीं होतात. परंतु हें पुस्तक आमच्यासारख्या अध्यापकांनीं अवश्य वाचावें. सद्विचारांची भाषा अस्खलित बोलतां येणें हा सद्वर्तनाचा पुरावा नव्हे, हें आमच्या धंद्यांतल्या माणसास फार कमी वेळां ऐकावयास मिळतें.

कोरियन लेखिका चो नाम-जू यांची 'किम जियंग, बॉर्न १९८२' ही २०१६ सालची छोटी कादंबरी सुचवितांना आम्ही बरेच अडखळलों. कादंबरी या नात्यानें ती कोरडी आहे. मध्येंच आंकडे व त्यांचे आधार येतात, नायिकेस स्वतंत्र चेहरा असा नाहीं. मग ध्यानांत आलें कीं चेहरा नसणें हाच येथला मुद्दा आहे, कारण किम जियंग हें त्या काळच्या मुलींचें अगदीं सर्रास असलेलें नांव. आई भावांच्या शिक्षणासाठीं कारखान्यांत राबली. मुलीनें शिकून नोकरी धरली व मूल झाल्यावर सोडली. आणि एके दिवशीं ती दुसऱ्याच बायकांच्या आवाजांत बोलूं लागली. मोठें संकट असें कांहींच घडत नाहीं. कादंबरीचा सांगणारा कोण हें शेवटीं कळतें: तिच्यावर उपचार करणारा डॉक्टर. तिची सर्व हकीगत समजुतीनें सांगून झाल्यावर आपल्या हाताखालीं पुढच्या वेळीं अविवाहित बाई नेमावी असा तो विचार करतो. हीं शेवटचीं दोन पानें कसबी आहेत. त्या देशांत २०१८ सालीं एका गायिकेनें हें पुस्तक वाचल्याचें सांगतांच तिच्या कांहीं चाहत्यांनीं तिचीं छायाचित्रें जाळलीं. इतक्या मवाळ पुस्तकाचा इतका राग कां यावा, हा प्रश्न पुस्तकाइतकाच विचार करण्याजोगा आहे.

स्टेफनी लँड यांचें 'मेड' (२०१९) वेळ असल्यास वाचावें. मूल घेऊन घरें साफ करीत फिरणारी ही अमेरिकन बाई त्या घरांना आपल्या मनांत नांवें ठेवते. मालक तिला पाहत नाहीं व ती मालकाचें सारें पाहते. एवढा भाग उत्तम. बाकी सरकारी मदतीच्या अर्जांचा तपशील आपल्याकडच्या वाचकास कंटाळवाणा होईल.

या निमित्तानें घरांतली एक गोष्ट सांगतों. आमच्याकडे धुण्याभांड्यांस ज्या मावशी येतात त्यांस सतरा वर्षें झालीं. 'आलो-आँधारि' मेजावर उघडें पडलें होतें. मावशींनीं तें केर काढतांना उचललें व पुस्तकांत काय आहे असें विचारलें. आम्हीं सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "मीही सातवीपर्यंत शिकल्ये, सर. चौथीला स्कॉलरशिपला बसवणार होते." सतरा वर्षांत आम्हीं त्यांस महागाईविषयीं, मुलांच्या तब्येतीविषयीं, पावसाविषयीं विचारलें होतें, आपण काय वाचतां, हें एकदांही विचारलें नव्हतें. प्रबोध कुमारांनीं कपाटावर रेंगाळणारा हात पाहिला. आमच्या कपाटांवरून दर शनिवारीं तसाच एक हात फिरत असला पाहिजे आणि आम्ही तेव्हां बहुधा सहृदय वाङ्मयावर टिपणें काढीत असूं.

बंगाली व हिंदी मावशींस येत नाहीं, म्हणून आम्हीं त्यांस 'आयदान' दिलें. विद्यार्थिनीस आम्हीं क्रम असा कळविला आहे: आधीं 'आलो-आँधारि', मग 'आयदान', मग कंदसामी, 'एज्युकेटेड' सुटींत, आणि किम जियंग एका बैठकींत. मधूनमधून 'स्मृतिचित्रें' काढून कोठलेंही पान वाचावें. 'आयदान' नेल्यास आज सहा आठवडे झाले. सौ. म्हणतात, मागूं नका. आम्हीं मागितलेलें नाहीं.