वंशावळ : पुरावा की दावा?

थोर पुरुषांचे पूर्वज शोधताना वंशावळीस अस्सल पुराव्याचे स्थान देण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. या दृष्टीने भोसले घराण्याचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये पूर्ण करविलेला मराठी शिलालेख या घराण्याचा वृत्तान्त विस्ताराने सांगतो. परंतु तो मालोजींनंतर सुमारे दोनशे वर्षांनी कोरलेला आहे, याचे भान अनेक लेखक ठेवीत नाहीत. उलटपक्षी, सिसोदिया कुळाशी असलेला संबंध केवळ १६७४ च्या राज्याभिषेकासाठी जुळविला गेला, हे मतही घाईचे वाटते. शहाजीराजांच्या (मृत्यू १६६४) आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त तो आधीच आढळतो. अर्थात दावा जुना ठरला म्हणजे तो सिद्ध झाला, असे नव्हे. मालोजी व विठोजी या बंधूंचे उल्लेख समकालीन कागदपत्रांत मिळतात. त्यामागील पिढ्यांकडे जावे तसा हा आधार विरळ होत जातो. हे दोन थर आपले विद्यार्थी प्रबंधात एकाच तक्त्यात, एकाच ठाम रेषेने जोडतात आणि आपण मार्गदर्शक (प्रस्तुत लेखकही त्यातलाच) खाली स्वाक्षरी करून मोकळे होतो.