संयुक्त खाते

‘मी काय अलिबागहून आलोय?’ असे मुंबईत कुणी म्हणाले की आम्हां अलिबागकरांना हसून दाखवावे लागते. या वाक्यावर बंदी घाला म्हणून आमच्याकडचे एक गृहस्थ २०१९ साली उच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयाने याचिका फेटाळली. तेव्हा आता कबूलच करून टाकतो: टीव्हीवरची प्रेमे आम्हांला खरी वाटत.

२००९ साली ‘राखी का स्वयंवर’ लागले. आमची सौ. जेवणे लवकर आटपून मुलांची स्थळे पारखायला बसे. कॅनडातला मुलगा निवडला गेला तेव्हा ‘बरे झाले हो, मार्गी लागली’ म्हणून तिने साखर वाटायचीच बाकी ठेवली. पण लग्नाऐवजी नुसता साखरपुडा झाला आणि काही महिन्यांत तोही मोडला. सौ.ला दोन दिवस चुटपुट लागली. कार्यक्रमवाल्यांना कसली चुटपुट? त्यांच्या जाहिराती दाखवून झाल्या होत्या.

बँकेत जन्म गेल्यावर माणसाला सगळीकडे खातीच दिसतात. प्रसिद्धी हेही बचत खातेच. चित्रपट चालतात तोवर भरणा होतो. ते थांबले की शिल्लक आटते. मग काही उतरणीला लागलेले नट संयुक्त खाते उघडतात. मांडव्याच्या धक्क्यावर लाँचमधून हातात हात घालून उतरायचे आणि ‘आम्ही फक्त चांगले मित्र’ म्हणायचे, ही पहिली जमा. साखरपुडा दुसरी, भांडण तिसरी. फारकतीची जमा सर्वांत मोठी! दोघांपैकी कोणीही सही करावी आणि पैसे उचलावेत.

जोडीने मिरवण्याला माझी हरकत नाही. २००५ साली ‘नच बलिये’त जोडीशिवाय प्रवेशच नव्हता. पहिल्या पर्वात सचिन आणि सुप्रिया पिळगावकर जिंकले. पण त्यांची गाठ पडली ती ‘नवरी मिळे नवऱ्याला’ या १९८४च्या चित्रपटात. आधी काम, मग नाते. शिवाय नाचता येत होते, ही गोष्ट नाचाच्या स्पर्धेत अगदीच गैरलागू नाही. माझी तक्रार आहे ती उलट्या क्रमाबद्दल: आधी नाते, मग काम, आणि बहुधा तेही नाहीच. काम संपले तर पुन्हा मिळू शकते. माया अशी खर्चून टाकली तर घरी गेल्यावर एकमेकांशी बोलायचे काय?

भगवानदादांचे आठवा. १९५१च्या ‘अलबेला’ने वैभव दिले, पुढे बंगला गेला, मोटारी गेल्या, मुक्काम दादरच्या चाळीत आला. मग मिळतील त्या लहान भूमिका केल्या, बोलावतील तिथे ती आपली चार पावले टाकली. शिल्लक थोडी, पण खाते एकट्याच्या नावावर.

अर्थात सगळा दोष नटांना देववत नाही. त्या धंद्यात ना प्रॉव्हिडंट फंड, ना पेन्शन. आणि या खात्यांत भरणा करणारे तरी कोण? आम्हीच.

काल सौ. म्हणाली, ‘अहो, त्या दोघांचे पुन्हा जुळले म्हणे. खरे असेल का हो?’

‘मी काय अलिबागहून आलोय?’ असे अगदी ओठांवर आले होते. पण घरचा पत्ता आठवला. मुकाट्याने टीव्ही लावला.