परभाषेच्या घरी

परभाषा शिकावयाची तर ती जेथे बोलली जाते तेथे, आणि शक्य तर कोणाच्या तरी घरी राहून शिकावी, हे मत आता सर्वमान्य झाले आहे. स्पॅनिश शिकण्यासाठी सालामांका किंवा मेक्सिको येथे जाणारा विद्यार्थी सकाळी वर्गात क्रियापदांची रूपे गिरवितो आणि रात्री यजमानीणबाईंच्या घरी जेवताना त्याच रूपांच्या चुका करितो. राहण्याजेवणाचे दाम आधीच ठरलेले असतात. ह्या अनुभवावर जे लिहिले जाते त्यात बहुधा न रुचलेले अन्न, गमतीचे गैरसमज आणि शेवटी साश्रू निरोप, एवढाच ऐवज आढळतो. ज्याच्या घरी आपण राहिलो त्याने आपल्यासाठी काय सोसले, हा प्रश्न लेखकास क्वचितच पडतो. आमच्या मते ह्या जातीच्या वाङ्मयाची खरी कसोटी तीच होय; आणि ती लावून पाहण्यास समुद्र ओलांडावयास नको, चंद्रपूर-गडचिरोलीचे अरण्य पुरेसे आहे.

तत्पूर्वी एका जुन्या ग्रंथाचे स्मरण करणे उचित होईल. धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ १९२४ साली प्रसिद्ध झाले. गोव्यातील साखवाळचे हे गृहस्थ ज्ञानाच्या ओढीने १८९९ मध्ये घराबाहेर पडले, काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीपास पोचून कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात श्रामणेर होऊन पाली शिकले. येथे दाम मोजून राहणारा पाहुणा नाही. दुसऱ्याच्या अन्नावर शिकणारा विद्यार्थी आहे. दाम देणाऱ्यास तक्रार करण्याचा अधिकार असतो. अन्नाचे ऋण घेणाऱ्यास तो नसतो. ‘निवेदना’चा संयत सूर आम्हांस ह्या ऋणाच्या जाणिवेतून आलेला वाटतो.

आता अरण्याकडे वळू. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम ह्या नद्यांचा संगम जेथे होतो त्या भामरागडाजवळ, हेमलकसा येथे, बाबा आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्पास प्रारंभ केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे संसार मांडला. त्या काळी हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ मध्ये. डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ (२००९) हे आत्मकथन लोक सेवेचा ग्रंथ म्हणून वाचतात, आणि ते योग्यच आहे. परंतु तो एका भाषाविद्यार्थ्याचाही ग्रंथ आहे, ह्याकडे वाचकांचे दुर्लक्ष होऊ नये. माडिया ही द्रविड कुळातील, गोंडीची जवळची बोली. मराठी जाणणाऱ्यास तिच्यात आधार थोडाच. परका माणूस दिसताच रानात पळणाऱ्या लोकांत राहून, त्यांच्या तोंडून, एकेक शब्द वेचीत ती शिकावी लागली. अंगावर पुरते वस्त्र नसणाऱ्यांसमोर आपण पूर्ण पोशाखात कसे वावरावे, ह्या संकोचाने डॉक्टरांनी बनियन आणि अर्धी विजार एवढाच वेष पत्करला. कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात नसलेला हा पहिला पाठ होय.

दवाखान्यात हे दांपत्य यजमान होते. भाषेत मात्र पाहुणे. दुखणे कोठे आहे हे सांगणारा रोगीच त्यांचा शिक्षक, आणि त्याचा शब्द चुकीचा समजला तर प्राणाशी गाठ. जेवताना झालेली चूक हसण्यावारी नेता येते. येथे ते शक्य नव्हते. ग्रंथाचे बळ ह्या उलटापालटीत आहे. तथापि एक उणीव नमूद केली पाहिजे. दवाखाना, शाळा आणि वन्य प्राण्यांचे अनाथालय ह्यांची हकीकत सांगण्याच्या ओघात भाषा शिकण्याच्या प्रसंगांस त्या मानाने थोडी जागा मिळते. ज्यांनी ती शिकविली त्यांच्या घरातून हे पाहुणे कसे दिसले असतील, हे वाचकास आपल्या कल्पनेनेच भरून काढावे लागते.

ही उणीव एकट्या लेखकाची नव्हे. ती आपल्या सर्वांची आहे. कारण ह्या अरण्यातील खरा परदेशस्थ विद्यार्थी कोण, हे आम्हांस विसरता येत नाही. हेमलकशाची आश्रमशाळा १९७६ मध्ये सुरू झाली. जिल्ह्यात अशा अनेक शाळा आहेत. आईबापांचे घर सोडून वसतिगृहात येणाऱ्या माडिया मुलास पाठ्यपुस्तकातील मराठी ही परभाषाच असते. सालामांकाचा विद्यार्थी हौसेने जातो आणि कंटाळला तर परत फिरतो. ह्या बालकास निवड करण्याची संधी कोणी दिलेली नसते. त्याचे यजमान आपण, मराठी बोलणारे. त्याने आपले ‘निवेदन’ लिहिले तर त्यात आपल्या पाहुणचाराविषयी काय असेल?

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. पहिल्यात समोरचा वगळला जातो, दुसऱ्यात सामावला जातो. असा भेद द्रविड भाषांतही आढळतो. परभाषेच्या घरी राहून आलेल्याचा ग्रंथ ‘आम्ही’पाशी थांबतो की ‘आपण’पर्यंत पोचतो, एवढेच समीक्षकाने पाहावे. ‘प्रकाशवाटा’ बऱ्याच अंशी पोचते. उरलेली वाट माडिया लेखणीने चालावयाची आहे, आणि ते पुस्तक हाती येईल तेव्हा ते नम्रपणे वाचणे हे आपले काम.