प्रेक्षकाची जागा

नाशिकमधील एका शाळेच्या मैदानावर दोन धर्मग्रामांच्या मुलांचा फुटबॉलचा सामना होता. आदल्या वर्षी प्रेक्षकांत थोडी बाचाबाची झाली होती, म्हणून संयोजकांनी या वेळी मध्ये दोरी बांधून दोन्हीकडच्या लोकांना वेगळे बसविले होते. माझ्या पुढे एक आजीबाई उभ्या होत्या. मुलाचा मुलगा एका संघात आणि मुलीचा मुलगा दुसऱ्या संघात! त्यांनी कोणत्या बाजूस बसावे, हे कोणालाच सांगता येईना. शेवटी एका स्वयंसेवकाने दोरीला लागूनच त्यांना खुर्ची टाकून दिली. गोल कोणीही केला तरी त्या टाळ्या वाजवीत होत्या.

प्रसंग घरगुती आहे. पण त्यातून उभा राहणारा प्रश्न लहान नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या चाहत्यांनी शेजारी-शेजारी बसावे की त्यांना वेगळे बसवावे? आणि वेगळे बसवायचेच तर कशाच्या आधारावर? या प्रश्नाचा सर्वांत बोलका इतिहास आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईच्या मैदानांवर घडला आहे. तो फुटबॉलचा नसून क्रिकेटचा आहे, इतकेच. रामचंद्र गुहा यांच्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात तो विस्ताराने आला आहे. आजीबाईंची ती खुर्ची पाहिल्यानंतर हा ग्रंथ पुन्हा वाचताना काही गोष्टी नव्याने जाणवल्या. त्या येथे मांडतो.

मुंबईतील या सामन्यांची रचना मुळातच जमातवार होती. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांच्यात सामने होत. १९०७ साली हिंदूंचा संघ आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले, आणि १९३७ साली ‘दि रेस्ट’ म्हणजे ‘इतर’ या संघाला प्रवेश मिळून पंचरंगी झाले. त्याच वर्षी हे सामने बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावरून नव्या ब्रेबर्न स्टेडियमवर गेले. मात्र पंचरंगीच्या या पहिल्याच वर्षी हिंदूंचा संघ मैदानात उतरला नाही. कारण खेळाच्या नियमांचे नव्हते, पंचांचेही नव्हते. ते खुर्च्यांचे होते. नव्या स्टेडियममध्ये हिंदू जिमखान्याला किती जागा द्यावयाच्या, यावरून जिमखाना आणि स्टेडियमचा मालक असलेला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया यांच्यात मतभेद झाला आणि तो मिटला नाही.

गुहांनी आपल्या ग्रंथाचे वंश, जात, धर्म आणि राष्ट्र असे चार भाग केले आहेत. ही विभागणी सोयीची आहे आणि तिच्यामुळे विस्कळीत सामग्रीला आकार आला आहे, यात शंका नाही. तथापि, प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले तर या चारही भागांतून एकच धागा जातो. तो म्हणजे, कोणी कोठे बसावयाचे? ज्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पूर्वी हे सामने होत, त्याचे सभासदत्व भारतीयांना नव्हते. म्हणजे आपल्याच शहरातल्या मैदानावर भारतीय माणूस पाहुणा होता. वंशाची भिंत ती ही.

जातीची भिंत अधिक जवळची. पालवणकर बाळू हे त्या काळातील भारताचे श्रेष्ठ गोलंदाज. पुण्यात हिंदूंच्या संघाकडून ते खेळत तेव्हा मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांना चाले. परंतु चहाच्या वेळी ते पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या पात्रातून चहा पीत. गडी बाद करताना ते संघाचे होते, चहा पिताना ते अस्पृश्य होते. पुढे १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल हे हिंदू संघाचे कर्णधार झाले, ही गुहांच्या ग्रंथातील अत्यंत समाधानाची घटना. त्या विजयाचा मार्ग पॅव्हिलियनच्या पायरीवरून गेला, हे विसरता येत नाही.

येथे ख्रिस्ती वाचकाने इतरांकडे बोट दाखविण्याची घाई करू नये. तामिळनाडूतील वडक्कनकुळम येथील कॅथलिक चर्चमध्ये निरनिराळ्या जातींच्या भाविकांसाठी दोन वेगळे भाग होते आणि मध्ये भिंत होती. ती भिंत १९१० साली पाडण्यात आली. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांनाही शेजारी चालत नव्हता. तेव्हा जागांची वाटणी हा केवळ जिमखान्यांचा दोष नव्हे.

ग्रंथातील ‘धर्म’ हा भाग वाचताना मात्र एक उणीव जाणवते. वंश, जात, धर्म, राष्ट्र या चार शीर्षकांपैकी एकातही ‘इतर’ नीट बसत नाहीत. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू अशा, ज्यांचा स्वतंत्र संघ होऊ शकत नव्हता त्या सर्वांची मोट बांधून हा पाचवा संघ उभा केला गेला. बाकीच्या चौघांना स्वतःचे नाव होते. यांना फक्त उरल्याचे नाव मिळाले. आपण कोणाच्या बाजूस बसावयाचे, असा प्रश्न ज्यांना पडावा असे हे लोक. इतिहासकाराने यांच्या खुर्चीवर बसून हे सामने पाहिले असते, तर त्यांतील विसंगती अधिक स्पष्ट दिसली असती, असे मला वाटते.

या संघाची मोठी कहाणी १९४३ सालच्या अंतिम सामन्याची. हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. ‘इतर’ संघ १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातील विजय हजारे खेळावयास उभे राहिले. संघाच्या एकूण ३८७ धावांपैकी ३०९ धावा त्यांनी एकट्याने काढल्या. धाकटे बंधू विवेक यांच्यासमवेत त्यांनी ३०० धावांची भागी केली. तीत विवेक यांचा वाटा अवघा २१ धावांचा. तरीही सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेलाच. आपल्या घरांतून ही हकीकत अभिमानाने सांगितली जाते आणि तो अभिमान स्वाभाविक आहे. पण जरा थांबून विचार करावा. भारताचा पुढे कर्णधार झालेला हा फलंदाज त्या दिवशी कोणासाठी खेळत होता? ज्यांना एकत्र बांधणारे स्वतःचे असे काही नव्हते, त्यांच्यासाठी.

याला जोडूनच दुसरी एक भागी आठवावी. मार्च १९४७ मध्ये बडोद्यास रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. होळकर संघाविरुद्ध बडोद्याकडून हजारे यांनी २८८ आणि गुल महंमद यांनी ३१९ धावा केल्या. दोघांनी मिळून ५७७ धावांची भागी केली. जगातील तो विक्रम २००६ सालापर्यंत टिकला. पंचरंगी सामन्यांत गुल महंमद मुसलमानांच्या संघाचे आणि हजारे ‘इतरां’चे. फाळणी पाच महिन्यांवर आली असताना बडोद्याच्या नावाखाली तेच दोघे एकमेकांसाठी धावत होते. माणसे तीच होती, खेळही तोच होता. बदलला होता तो संघाचा आधार. त्या सामन्यास बसलेल्या बडोदेकराला टाळी वाजविण्यापूर्वी स्वतःचा धर्म आठवावा लागला नाही.

पंचरंगी सामन्यांविषयी गांधीजींनी डिसेंबर १९४० मध्ये आपला कौल दिला होता. महाविद्यालये वा संस्था यांच्यातील सामने आपण समजू शकतो, परंतु हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी, हे आपल्याला कधीच उमगले नाही, असा त्यांचा आशय होता. सामन्यांच्या पाठीराख्यांचे म्हणणेही पूर्णतः निराधार नव्हते. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुसलमानांच्या संघाने हिंदूंवर केवळ एक गडी राखून विजय मिळविला; के. सी. इब्राहिम १३७ धावांवर नाबाद राहिले. इतक्या अटीतटीचा खेळ खिलाडूपणे होऊ शकतो, हे त्या मैदानाने दाखविले. तरीही गांधीजींचे म्हणणे मला अधिक खोल वाटते. खेळाडू मैदानातून बाहेर पडताना हात मिळवून मोकळा होतो. परंतु जमातीच्या नावाने जागा घेऊन बसलेला प्रेक्षक ती जमात बरोबर घेऊनच घरी जातो. १९४५-४६ च्या मोसमानंतर हे सामने बंद झाले.

एवढ्यावरून दोरी नेहमीच वाईट, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. फुटबॉलचा इतिहास आपल्याला तेथे सावध करतो. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना चालू असताना मैदानावरील एका झटापटीचे पडसाद प्रेक्षकांत उमटले. दोन्हीकडचे चाहते एकाच सज्जात मिसळून बसले होते. मारामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ जणांचे प्राण गेले. तेव्हा मध्ये दोरी असती तर कित्येक माता पुत्रहीन झाल्या नसत्या. त्या दिवसाच्या स्मृतीस तेथे रक्तदान केले जाते, ही बंगाली फुटबॉलप्रेमींची भावना वंदनीय आहे.

पण दोरीचे कुंपण झाले की तेही प्राण घेते. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे हिल्सबरो मैदानावर प्रेक्षकांना लोखंडी जाळीच्या कप्प्यांत बसविण्याच्या पद्धतीने लिव्हरपूलचे ९७ चाहते दगावले. पोलिसांनी गर्दी चुकीच्या दिशेने आत सोडली आणि जाळीमुळे पुढे वाट उरली नाही. त्या दुःखात लिव्हरपूल शहरातील प्रतिस्पर्धी एव्हर्टनचे चाहते आपल्या निळ्या मफलरी लाल मफलरींना बांधून उभे राहिले आणि दोन मैदानांमधील अंतर त्या साखळीने जोडले गेले. या शहरात एकाच घरात दोन्ही संघांचे चाहते असतात. पुष्कळदा ते सामन्यासही शेजारी बसतात.

आणि केवळ वेगळे बसविल्याने मने शांत होतात, असेही नाही. ग्लासगोचा सेल्टिक संघ १८८७ साली मारिस्ट बंधू वॉलफ्रिड यांनी स्थापन केला तो गरीब मुलांच्या जेवणासाठी निधी जमावा म्हणून. भुकेल्या मुलाच्या ताटासाठी उभा राहिलेला हा संघ पुढे कॅथलिक-प्रॉटेस्टंट वैराचा एक पक्ष बनला. समोरच्या रेंजर्सनेही अनेक दशके कॅथलिक खेळाडूंना दूर ठेवले. १९८९ साली मो जॉन्स्टन यांना घेतले तेव्हा ती परंपरा मोडली. या दोन संघांचे चाहते पिढ्यान् पिढ्या मैदानाच्या दोन टोकांना बसत आले. अंतर राखले गेले, वैर मात्र तेवढ्याने संपले नाही. आपल्याच पंथाच्या बांधवाने लावलेल्या रोपट्याला हे फळ यावे, याचा खेद आपण बाळगला पाहिजे.

या सर्वांवरून एक भेद स्पष्ट होतो. एक दोरी पोलिसांची वा स्वयंसेवकांची असते. ती आजच्या तिकिटावर अवलंबून असते. तिचा हेतू जखम टाळण्याचा असतो, आणि सामना संपताच ती सोडता येते. दुसरी दोरी जन्माची असते. ती तिकीट काढण्यापूर्वीच आपल्या गळ्यात पडलेली असते आणि शिट्टी वाजल्यावरही सुटत नाही. पहिली दोरी बांधण्यात कमीपणा नाही. ती बांधताना दुसरी तर घट्ट होत नाही ना, एवढे पाहावे लागते. १९३७ साली मुंबईत जे घडले ते दुसऱ्या दोरीचे. गर्दी आवरण्याचा प्रश्न तेथे नव्हता. एका जमातीच्या वाट्याला किती खुर्च्या, हा प्रश्न होता. गुहांच्या ग्रंथाचे मोल हे की त्यामुळे हा भेद करण्याइतकी सामग्री आपल्या हाती येते. भेद मात्र वाचकाने स्वतः करावयाचा आहे.

अलीकडची एक घटना सांगून थांबतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कलकत्त्यातील एका रुग्णालयात तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. त्या क्षोभात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना रद्द झाला. तेव्हा १८ ऑगस्ट रोजी दोन्ही संघांचे चाहते आपापले रंग अंगावर घेऊन स्टेडियमबाहेर एकत्र जमले आणि तिच्यासाठी न्याय मागितला. ज्या दोन गटांना १९८० च्या अनर्थानंतर वेगळे बसविणे भाग पडले, तेच शेजारी उभे होते. कोणी आपला संघ सोडला नव्हता.

आपल्या नाशिक धर्मप्रांताची स्थापना १९८७ ची. येथील धर्मग्रामांत मराठी, कोकणी, तामिळ, मल्याळी अशी नाना घरे एकत्र आली आहेत. मुलांच्या सामन्यांत ईर्षा असणारच. ती नसेल तर खेळ कशाला? गरज भासली तर दोरीही बांधावी. पण दोरीला लागून एक खुर्ची मोकळी ठेवावी. ज्यांची माणसे दोन्ही बाजूंना खेळतात असे कोणी ना कोणी येतेच, आणि नीट पाहिले तर आपल्या समाजात अशांचीच संख्या अधिक आहे.