केडगाव ते चिली : श्रद्धा सत्तेला कधी मिळते?



ख्रिस्ती मूलतत्त्ववाद आणि राजकारण हा विषय वाघोलीत कशाला, असं व्याख्यानाआधी दोघा-तिघांनी विचारलं. हा अमेरिकेचा प्रश्न, आपला काय संबंध? संबंध आहे. इथून केसनंद-थेऊरमार्गे सोलापूर रस्त्याला लागलं की पुढे केडगाव येतं. नगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. आज जगभर जो उत्कट, अंगात संचारणारा ख्रिस्ती धर्म दिसतो आणि जो काही देशांत निवडणुका फिरवतो, त्याच्या इतिहासात या गावाचं नाव येतं. आपल्या मराठी चर्चेत मात्र ते फारसं येत नाही.

रमाबाईंची दोन चित्रं आपण रंगवून ठेवली आहेत. एक, विधवांसाठी झटणारी विदुषी. दुसरं, धर्म सोडून गेलेली बाई. १८९३ मध्ये शारदा सदनावरून पुण्यात वादळ उठलं, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, इथपर्यंत आपल्याला पाठ असतं. पुढची जवळजवळ तीस वर्षं आपण दोन ओळींत उरकतो. सुधारकांच्या बाजूने लिहिणाऱ्यांना त्या वर्षांचा थोडा संकोच वाटतो आणि विरोधकांना त्यांची गरज नसते. आमची टीका आहे ती या उरकण्यावर.

त्या वर्षांत काय झालं? दुष्काळातून आणलेल्या मुली आणि बायका धरून केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. १९०५ साली तिथे ज्याला ख्रिस्ती लोक पुनरुज्जीवन म्हणतात ते सुरू झालं. मुली तासन् तास मोठमोठ्याने प्रार्थना करत, रडत, पापं कबूल करत. अंगाची आग होते आहे, असं काही जणी सांगत. ज्या अझुसा स्ट्रीटच्या सभेपासून पेंटेकॉस्टल पंथाचा आरंभ धरतात, ती लॉस एंजलिसमध्ये १९०६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. केडगाव त्याच्या आधीचं आहे.

आता दुवा बघा. मिनी अब्राम्स ही अमेरिकन बाई रमाबाईंची सहकारी. तिने केडगावच्या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली आणि चिली देशात वालपराइसोला राहणाऱ्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. मैत्रिणीचा नवरा विलिस हूवर मेथडिस्ट पाळक होता. पुस्तिका वाचून त्या दोघांनी तशाच प्रार्थना सुरू केल्या, १९०९ मध्ये तिथेही पुनरुज्जीवन झालं, मूळ मेथडिस्ट चर्चशी फाटलं आणि चिलीची स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. ती गरिबांची मंडळी होती. रस्त्यावर गाणाऱ्या, दारूतून सुटलेल्या माणसांची.

आणि मग १९७३. आयेंदेंचं निवडून आलेलं सरकार लष्कराने उलथवलं, पिनोशेची हुकूमशाही आली. कॅथलिक कार्डिनल सिल्व्हा एनरिकेस अटका आणि छळाबद्दल प्रश्न विचारू लागले. पिनोशेला दुसऱ्या आशीर्वादाची गरज पडली. १९७४ च्या डिसेंबरमध्ये अनेक प्रॉटेस्टंट पाळकांनी त्याला जाहीर पाठिंबा दिला आणि सांतियागोतल्या पेंटेकॉस्टल कॅथेड्रलच्या उद्घाटनाला तो स्वतः हजर राहिला. सगळे पेंटेकॉस्टल त्याच्यामागे गेले, असं म्हणणं अन्यायाचं होईल. विरोधात उभे राहिलेलेही होते. पण ज्यांना साठ वर्षं कुणी दारात उभं केलं नव्हतं, त्यांच्या दारात राष्ट्रप्रमुख आला. हे आमिष पैशाचं नव्हतं, मानाचं होतं.

इथे थांबून एक गल्लत दूर करू. मूलतत्त्ववाद आणि पेंटेकॉस्टल पंथ एक नव्हेत. १९१० ते १९१५ दरम्यान अमेरिकेत 'द फंडामेंटल्स' नावाच्या पुस्तिका निघाल्या, त्यावरून पहिला शब्द आला. बायबल शब्दशः निर्दोष, हा त्याचा कणा. १९२५ मध्ये टेनेसीत उत्क्रांतिवाद शिकवला म्हणून शिक्षकावर खटला झाला, तो याच भांडणातला. या मंडळींना पेंटेकॉस्टलांचं अन्य भाषांत बोलणं अजिबात पसंत नव्हतं. मग दोघे एका मंचावर आले कसे? शास्त्रार्थ करून आले नाहीत. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' स्थापन केली. गर्भपात, शाळेतली प्रार्थना, कुटुंब या प्रश्नांवर राजकारणाने त्यांना जवळ आणलं. म्हणजे सिद्धांतांनी जे तोडलं होतं, ते समान शत्रूने जोडलं.

आता रमाबाईंकडे परत येऊ, कारण आमचा मुद्दा तिथे आहे. त्यांची श्रद्धा काही सौम्य, ड्रॉइंगरूममधली नव्हती. बायबल मूळ हिब्रू-ग्रीकमधून मराठीत आणण्यात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षं घातली. हिंदू शास्त्रांचा वास येणारे शब्द त्यात नकोत, हा आग्रह धरला. हा आग्रह आम्हाला संकुचित वाटतो आणि तसं म्हणायला हरकत नाही. पण सत्तेशी त्यांचं नातं कसं होतं? राज्य ख्रिस्ती लोकांचं होतं. हात जोडून उभं राहिलं असतं तर मान मिळाला असता. त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर इंग्लंडातच अँग्लिकन वडीलधाऱ्यांशी त्रैक्याच्या सिद्धांतावरून वाद घातला. १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला त्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णालयात बायकांची जी विटंबना होत होती तिच्याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात सरकारविरुद्ध लिहिलं. सरकार त्यांच्याच धर्माचं होतं, तरी लिहिलं.

यावरून आम्ही असं म्हणतो : श्रद्धा किती कडवी आहे, यावरून ती सत्तेला विकली जाईल की नाही हे कळत नाही. ती सत्तेकडे जाते दोन वाटांनी. एक, तिच्याकडे मतांची संख्या येते आणि कुणीतरी मान देऊन ती मागतं. दुसरी, असलेली संख्या हातातून निसटते आहे अशी भीती बसते.

दुसरी वाट आज अमेरिकेत दिसते. प्यूच्या पाहणीत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे प्रौढ २००७ मध्ये ७८ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ६२ टक्के. म्हणजे धर्म आकसतो आहे. आणि नेमक्या याच काळात गोरे इव्हँजेलिकल मतदार, दहातले आठ या प्रमाणात, ट्रम्प यांच्यामागे तीनदा उभे राहिले. २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला. आकसणाऱ्या समाजाने न्यायालय जिंकलं. पहिली वाट ब्राझीलमध्ये दिसते. २०२२ च्या जनगणनेत इव्हँजेलिकल २६.९ टक्के निघाले. एवढी मतं असली की उमेदवार प्रार्थनेला यायला लागतात.

भारतात? नागालँडमध्ये ख्रिस्ती सुमारे ८८ टक्के आहेत. तिथे १९८९ मध्ये दारूबंदीचा कायदा आला, त्यामागे बाप्टिस्ट चर्चचा रेटा होता. दारूबंदी बरी की वाईट, तो वाद वेगळा. संख्या असली की पवित्र शास्त्रातून विधानसभेकडे जाणारा रस्ता आपोआप तयार होतो, एवढंच सांगायचं आहे. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती दहा लाख ऐंशी हजार, एक टक्क्यालाही थोडे कमीच. त्यातल्या दलित कुटुंबांना १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे अनुसूचित जातीचे हक्कही नाहीत. या माणसांकडे सत्तेला विकण्याजोगं काही नाही. एखाद्या सोसायटीच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी मोठमोठ्याने प्रार्थना चालली म्हणून तिथे टेक्सास उगवत नाही.

पण म्हणून आम्ही त्यांना टीकेतून सूट देत नाही. आजारी माणसाला औषध सोडायला लावणारा पाळक, घरातल्या मुलीला शिकण्यापासून अडवणारा बाप, यांना अल्पसंख्याक म्हणून माफ करायचं, हा त्यांच्या घरातल्या दुबळ्यांवरच अन्याय आहे. आमच्यातल्या पुरोगाम्यांनी हे ऐकायला हवं. आणि दुसऱ्या बाजूने, जे लोक परदेशी कट म्हणून बोट दाखवतात त्यांनी आमची कसोटी स्वतःलाही लावून बघावी. मान मिळाला म्हणून राष्ट्रप्रमुखाला आशीर्वाद देणारे धर्मगुरू, बहुसंख्य असूनही आपण संपणार म्हणून घाबरवलेला समाज, याच्याशी फक्त ख्रिस्ती धर्माचंच नातं आहे का?

तेव्हा भवितव्याबद्दल आम्हाला एवढंच दिसतं. जिथे संख्या वाढते आहे तिथे आणि जिथे ती घटण्याची भीती पेटवली जाते आहे तिथे, दोन्हीकडे हा धर्म राजकारणाला आणखी चिकटेल. त्यातून सुटण्याची वाट श्रद्धा पातळ करण्यातून जाते असं आम्हाला वाटत नाही. केडगावच्या बाईंची श्रद्धा पातळ नव्हती. आपलं सरकार आलं तरी त्याच्याविरुद्ध पत्र लिहायचं, ही सवय त्यांना होती. ज्या मंडळीत, ज्या मठात, ज्या मशिदीत ही सवय टिकेल, तिथे आम्हाला चिंता कमी. ज्याला त्याला आपापल्या घरी हे तपासता येईल.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या.