फावडं कुणाचं? कर्करोग आणि ऊती तोडणारी विकरं
(बडनेरा येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, कर्करोगावरच्या लेखांत एक वाक्य हमखास असतं : गाठीतल्या पेशी विकरं, म्हणजे एन्झाइम, सोडतात आणि आजूबाजूची ऊती कुरतडत पुढं जातात. वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. माझा आक्षेप तेवढ्यावरच आहे.

पेशींच्या थराखाली एक पातळ पडदा असतो. त्यातलं कोलॅजेन एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही विकरं तोडतात, हे खरं. पण या घराण्यातलं पहिलं विकर १९६२ मध्ये ग्रॉस आणि लापिएर यांना सापडलं ते बेडकाच्या पिलाच्या शेपटीत. शेपटी झडायला ते लागतं, आपली जखम भरायलाही लागतं. १९९० मध्ये स्तनाच्या कर्करोगात स्ट्रोमेलायसिन-३ सापडलं, तेही गाठीच्या पेशींत नव्हे, भोवतालच्या ऊतीत. धुरा चोरानं फोडला, पण फावडं शेजाऱ्यानं दिलं!

‘फावडंच काढून घ्या’ म्हणत नव्वदच्या दशकात मॅरिमास्टॅटसारखी औषधं आली. रोग्यांचे सांधे दुखले, रोग हटला नाही. फुप्फुसाच्या एका कर्करोगावरची टॅनोमास्टॅटची चाचणी तर थांबवावी लागली. औषध घेणाऱ्यांचीच स्थिती जास्त बिघडली. का? चाचण्या बहुतांशी रोग पसरल्यावर झाल्या आणि औषधं सगळ्या विकरांना सरसकट रोखत होती. त्यांतली काही तर राखणदार निघाली : २००३ मध्ये दिसलं की एमएमपी-८ नसलेल्या नर उंदरांत त्वचेच्या गाठी वाढतात.

आता आपल्या पानठेल्याकडे या. खर्ऱ्यातल्या सुपारीनं तोंड आवळत जातं. मुंबईच्या डॉ. जोशींनी १९५३ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. इथं गंमत उलटी आहे. कोलॅजेन साचतं, कारण ते तोडण्याचं काम मंदावतं. पुढं त्याच तोंडात कर्करोग झाला, की तोडणं वाढतं. म्हणजे एकाच गालात आधी विकर कमी, नंतर जास्त. मग ‘विकर वाईट’ म्हणून भागेल कसं? विचारायचं ते हे : कोणतं, कुठं आणि केव्हा?

आणि हा ‘केव्हा’ आपल्या हातात आहे. आरशासमोर उभं राहा, तीन बोटं उभी तोंडात घालून पाहा. जात नसतील तर ‘तोंड जरा आवळलंय’ म्हणून सोडून देऊ नका. खर्रा आजच थांबवा, दातांच्या डॉक्टरला दाखवा. आवळलेलं तोंड पूर्ण मोकळं होईलच असं नाही. पण धुरा अजून शाबूत असतो, तेव्हाच राखण करायची असते.