‘माझ्या मशीनवर तर चालतं!’ : एका गेम इंजिनची समीक्षा

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने गेम इंजिनवर काय बोलावं, असं काहींना वाटलं असेल. माझं म्हणणं साधं आहे. नाटकाची समीक्षा होते, कादंबरीची होते, तशी संगणकाच्या प्रणालीचीही व्हायला हवी. तीही माणसांनीच केलेली रचना आहे, आणि तिच्यातही कितीतरी गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या असतात.

आज आपण ‘गोदो’ हे इंजिन घेऊ. गेम इंजिन म्हणजे खेळाचा सांगाडा. चित्रं हलवणं, आवाज काढणं, अक्षरं दाखवणं ही कामं ते करतं, तुम्ही फक्त तुमचा खेळ रचता. अर्जेंटिनात सुरू झालेलं, बेकेटच्या नाटकावरून नाव घेतलेलं हे इंजिन २०१४ साली सर्वांसाठी खुलं झालं. पैसे नाहीत, कोड कुणीही वाचावा, दुरुस्त करावा. वचन असं की खेळ एकदा लिहा, मग तो विंडोजवर, लिनक्सवर, मॅकवर, अँड्रॉइडवर, ब्राउझरमध्ये, सगळीकडे चालेल. या वचनाची परीक्षा आपण मराठीवर घेऊ.

समजा, लालबागच्या एका मुलाने ‘किल्ला’ नावाचा खेळ केला. इंजिनच्या तिसऱ्या आवृत्तीत हा शब्द कसा दिसायचा? पहिली वेलांटी ‘क’च्या डावीकडे जायच्याऐवजी उजवीकडे, आणि जोडाक्षर न होता पाय मोडलेला ‘ल’ सुटा उभा. का? कारण मजकुराची तिथली व्याख्याच अशी होती: एकेक चिन्ह घ्या, त्याचं चित्र काढा, पुढे सरका. इंग्रजीला ही व्याख्या पुरते. न्यायशास्त्रात या दोषाला अव्याप्ती म्हणतात. गाय म्हणजे तांबूस रंगाचं जनावर, अशी व्याख्या केली की पांढरी गाय बाहेर राहते. दोष गाईचा नसतो, व्याख्येचा असतो.

आपल्या मुंबईत हे ज्ञान जुनं आहे, बरं का. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतल्या त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला कुणी सांगावं लागत नव्हतं की देवनागरीचं अक्षर एका खिळ्यात मावतंच असं नाही.

१ मार्च २०२३ रोजी चौथी आवृत्ती आली आणि हे दुखणं गेलं. ते कसं गेलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. ‘हिंदी-मराठी असेल तर वेलांटी सरकवा’ असं ठिगळ त्यांनी लावलं नाही. मजकूर मांडण्याचं काम एका स्वतंत्र भागाकडे दिलं, त्यात हार्फबझ हे मुक्त ग्रंथालय बसवलं. तेच क्रोममध्ये आणि अँड्रॉइडमध्येही अक्षरं जुळवतं. देवनागरी, अरबी, थाई, सगळ्यांना एकच दार. म्हणजे अपवाद वाढवण्याऐवजी व्याख्या बदलली. याबद्दल मी या मंडळींना मनापासून दाद देतो.

पण समीक्षा इथे संपत नाही. आता तोच मुलगा विंडोजवर खेळ चालवून बघतो, ‘किल्ला’ सुरेख दिसतो. मग तो खेळ ब्राउझरसाठी काढतो, परळच्या मावसभावाला दुवा पाठवतो. मावसभावाला अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात! ‘माझ्या मशीनवर तर चालतं,’ हा म्हणतो. दोघंही खरं बोलतायत.

झालं असं की इंजिनच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. विंडोजवर इंजिन गुपचूप प्रणालीचा फॉन्ट उसना घेतं. ब्राउझरमध्ये ही उसनवारी होत नाही. नैयायिकांचं उदाहरण आठवा. ‘अग्नी आहे म्हणून धूर आहे’ हे अनुमान चुकतं, कारण धूर यायला ओलं इंधन लागतं. त्या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. इथे उसना फॉन्ट ही उपाधी. म्हणून मी म्हणतो, दोष ब्राउझरमध्ये जन्मला नाही. तो विंडोजवरही होताच, फक्त झाकलेला होता. दुसऱ्या यंत्राने तो उघडा पाडला.

फाइलींच्या नावांचंही तेच. विंडोजवर मोठी लिपी, छोटी लिपी एकच धरतात, लिनक्स आणि अँड्रॉइड धरत नाहीत. घरी सापडलेलं चित्र फोनवर सापडत नाही.

कुणी म्हणेल, उसनवारी ही सोयच आहे. खेळणाऱ्याने स्वतःचं नाव कुठल्याही लिपीत टाइप करावं, तेव्हा ती हवीच. मान्य. पण लेखकाने स्वतः लिहिलेला मजकूर तिच्यावर टेकू नये. शिवाय प्रत्येक यंत्राचा उसना फॉन्ट वेगळा. एका ठिकाणी ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे, दुसरीकडे हिंदी वळणाचे.

मग उपाय? ‘ब्राउझर असेल तर असं करा’ हे ठिगळ नको. अट उघड करा. मुंबईच्याच एक टाइप या मंडळींनी मुक्ता आणि बलू हे मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट केलेत, त्यांपैकी एक खेळासोबतच द्या. मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत तो आपलं निवडू शकेल. आणि फॉन्टच्या मांडणीतली प्रणालीकडून उसनं घेण्याची परवानगी बंद करून बघा. काही राहिलं असेल तर चौकोन तुमच्याच पडद्यावर दिसतील. माझी टीका एवढीच, की ही परवानगी मुळात चालू असते. निदान खेळ घडवताना ती बंद असायला हवी होती.

यात पणाला काय लागलंय? चौकोन दिसले की आपला मुलगा तक्रार नोंदवत नाही. तो ‘खेळ सुरू करा’ हे रोमन लिपीत लिहून मोकळा होतो. खेळ चालतो, चूक तशीच राहते, आणि मराठी निघून जाते. तिच्या जाण्याची नोंद कुठेच होत नाही. मुक्त प्रकल्पात चूक नोंदवण्याचं दार सगळ्यांना उघडं असतं. कुठल्या यंत्रावर, कुठल्या शब्दाला, काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं, हे चार ओळींत लिहा. त्याला प्रोग्रामर असावं लागत नाही, मराठी वाचता आली की पुरे.

थांबतो इथे. प्रश्न असतील तर विचारा.